मिठाच्या राणीचा आवाज

प्रिय भांडकुदळे,

तुझे फोन येतायत आणि मी उचलत नाहीये, त्यावरून तू तुझ्या वहिनीवर डाफरलीस असं कळलं. तिचा यात काही दोष नाही. बुधवार संध्याकाळपासून डॉक्टरांनी मला बोलायला बंदी केली आहे. ऑपरेशनपर्यंत गळ्याला विश्रांती द्या म्हणाले, आणि तुझ्याशी फोनवर बोलणं ही विश्रांती आहे असं जगातला कुठलाही डॉक्टर म्हणणार नाही. वहिनीने तुला जे सांगितलं ते सगळं खरं आहे. स्वरयंत्रावर गाठ आहे, वाईट जातीची आहे, पण वेळेत हाती लागली. येत्या गुरुवारी अख्खं स्वरयंत्र काढणार. जीव राहील, आवाज जाईल. मानेत पुढच्या बाजूला एक भोक ठेवतात, त्यातून श्वास घ्यायचा. पुढे एखादं यंत्र लावून थोडंफार बोलता येतं म्हणे, ते तेव्हाचं तेव्हा बघू. तुला रडायला येत असेल तर रडून घे आणि मग पुढे वाच, कारण हे पत्र आजारपणाबद्दल नाही. आपल्या बुधवारच्या खेळाचा शेवट झाला, तो तुला सांगायचा आहे. सुरुवातीला तूही त्या टेबलाशी बसायचीस, तेव्हा तुला ऐकायचा हक्क आहे.

तपासणीच्या वेळी सर्जनने विचारलं होतं की कामात किती बोलावं लागतं. मी म्हटलं, चष्म्याच्या दुकानात काय बोलायचं, हे दिसतं का, आता दिसतं का, आधीचं बरं की हे बरं, एवढ्यावर माझा जन्म गेला. पण बुधवारी दुकान बंद असतं तेव्हा दुपारभर सलग बोलतो. कशाबद्दल, म्हणून त्याने विचारलं, आणि मग मला सगळं समजावून सांगावं लागलं. की दुकानामागच्या खोलीत आम्ही चौघं टेबलाभोवती बसतो. मी सूत्रधार. म्हणजे डोंगर मी, नदी मी, राक्षस, पहारेकरी, सरायवाला, त्याची कटकटी बायको, सगळे मी. बाकीचे तिघं एकेक पात्र घेऊन त्या जगातून फिरतात. मी सांगतो, समोर दरी आहे. ते म्हणतात, उडी मारली. उडी जमली की नाही ते वीस बाजूंचा एक फासा ठरवतो. सर्जनने विचारलं, लहान मुलांना घेऊन खेळता का. मी म्हटलं, सगळ्यात लहान जी आहे तिलाही जवळचा चष्मा मीच करून दिलाय. मग त्याने विचारलं, एक खेळ किती वेळ चालतो. म्हटलं, हा आठ वर्षं चाललाय. तेव्हा त्याने पेन खाली ठेवलं आणि जो प्रश्न सगळेच विचारतात तोच विचारला, की शेवटी कोण आहे. कारण असल्या खेळाच्या शेवटी एक कोणीतरी मोठा असतोच, ज्याला हरवलं की संपलं. मी म्हटलं, मिठाची राणी.

तू गेल्यावर टेबलावरची माणसं थोडी बदलली. तू कशी गेलीस तेही मला आठवतंय. तुझ्या तिरंदाज पोरीला पुलावर भाला लागला, तू फासे टेबलावर आपटलेस आणि तरातरा निघून गेलीस, बदली वगैरे नंतरची. मी अजूनही सांगतो, फासा पडला तो पडला. त्यात माझी काही चूक नव्हती आणि मी माफीही मागणार नाही. असो. दातवाली आहेच. दिवसभर लोकांच्या तोंडात सुईएवढ्या हत्यारांनी नाजूक काम करून येते, म्हणून खेळात तिला एक धिप्पाड तलवारवाली लागते, जी दारं उघडत नाही, तोडते. पण तोडायच्या आधी दातवाली औषधाच्या चिठ्ठीमागे गणित मांडणार, किती पडला तर लागेल, किती पडला तर चुकेल, आणि मगच फासा उचलणार. आपला बसड्रायव्हर पण आहे. जन्मभर ठरल्या रस्त्याने ठरल्या थांब्यावर थांबत जातो, त्याचा सगळा सूड तो बुधवारी काढतो. त्याचा चोर कुठेच थांबत नाही. दारामागे काय आहे हे मी सांगून संपायच्या आत तो आत घुसलेला असतो.

आणि मावशी. त्या तुला माहीत नाहीत. शेजारच्या लाँड्रीच्या मावशी, सत्तरीला टेकल्यात. दुकानात आमचा आरडाओरडा ऐकून एकदा तक्रार करायला आल्या आणि तशाच बसल्या. त्यांचं पात्र म्हणजे जखमा बऱ्या करणारी वैदीण. त्या खेळात आल्या आल्याच एका जोगिणीने त्यांना अमृताची एक बाटली दिली होती, मरणाच्या दारातला माणूसही त्याने टुणकन उठून बसेल अशी. ती बाटली मावशींनी कधीच उघडली नाही. ड्रायव्हरचा चोर दोन वेळा मरता मरता वाचला, त्याला पट्ट्या बांधल्या, पाला चोळला, पण बाटलीला हात लावू दिला नाही. का, तर शेवटच्या लढाईला लागेल. हा रोग हा खेळ खेळणाऱ्या सगळ्यांना असतो, तुलाही होता. सगळ्यात चांगली वस्तू शेवटासाठी जपायची, आणि शेवट झाल्यावर बघावं तर ती झोळीत तशीच. मावशींचं तर घरीही तेच, नव्या चादरी कपाटात आणि विरलेल्या पलंगावर. ड्रायव्हर त्यावरून त्यांना इतकं चिडवतो की त्यांनी एकदा त्याच्या गणवेशाला मुद्दाम उलटी इस्त्री करून दिली.

आता राणीबद्दल. आठ वर्षांत राणी एकदाही दिसली नव्हती. ती फक्त ऐकू यायची. विहिरीतून, धुराड्यातून, बंद दाराच्या पलीकडून. त्यासाठी मी एक आवाज काढायचो, अगदी घशाच्या तळातून, घोगरा, शब्द ओढत. सुरुवातीला तो इतका काही खास नव्हता. ड्रायव्हर म्हणायचा, राणीला सर्दी झाली आहे. पण गेल्या वर्षभरात तो आवाज असा काही जमायला लागला की काय सांगू. राणी बोलली की खोलीत चिडीचूप. दातवालीने मला विचारलं की तुम्ही घरी सराव करता का. ड्रायव्हर बाही वर करून अंगावरचा काटा दाखवायचा. एका बुधवारी तर तिघांनी टाळ्या वाजवल्या, आणि मी खुर्चीतून उठून वाकून वगैरे दाखवलं. शेफारलोच होतो मी. वाटायचं, एवढ्या वर्षांनी कला प्रसन्न झाली.

मग एक दिवस मावशी त्यांची फ्रेम घट्ट करून घ्यायला आल्या. मी एका गिऱ्हाइकाला सांगत होतो की काचा उद्या येतील. गिऱ्हाईक गेल्यावर मावशींनी विचारलं, राणीचा आवाज दुकानात कशाला काढता. मी म्हटलं, मी कुठे काढला. मग त्यांनी पिशवी काउंटरवर ठेवली, तुझ्या वहिनीला शटर ओढायला सांगितलं, आणि दोघींनी मिळून मला दवाखान्यात नेलं. तिथून पुढचं तुला माहीत आहे.

त्या बुधवारी मी तिघांना सांगितलं. आढेवेढे घेतले नाहीत, निदान सांगितलं, तारीख सांगितली. वर्षभर आपण एका गाठीला टाळ्या देत होतो हे तिघांच्याही एकदमच लक्षात आलं असावं. दातवालीने शेवटी दोन प्रश्न विचारले, दोन्ही डॉक्टरी. ड्रायव्हर उगाचच चहा आणायला गेला, आणि चहा न घेताच परत आला. मी म्हटलं, हे बघा, ऑपरेशनच्या आदल्या दिवशी, बुधवारीच मला दाखल करून घेणार, त्याआधी आपल्याकडे दोन बुधवार आहेत. राणीचा महाल तुमच्यासमोर आहे. मला एकच गोष्ट हवी आहे, राणीचा शेवट माझ्या तोंडून व्हायला हवा. खरंच सांगतो, तेवढंच हवं होतं मला. तिचं शेवटचं भाषण मी पहिल्या वर्षीच रचून ठेवलं होतं आणि आंघोळ करताना म्हणून बघायचो. ते कुणाला न ऐकवताच माझा आवाज कापून बादलीत टाकणार, ही कल्पना मला ऑपरेशनपेक्षा जास्त छळत होती. सर्जनशी मी चक्क घासाघीस केली. तो म्हणाला, तेवढे दोन बुधवार खेळा, हळू बोला, आणि त्यानंतर तोंड बंद म्हणजे बंद.

पहिला बुधवार आला. टेबलावरचे काचांचे डबे मी आधीच हलवले होते, नकाशा अंथरला होता. महालाचं दार उघडलं, राणी पहिल्यांदा दिसली. मी तिचं वर्णन केलं, मिठाची त्वचा, मिठाचा मुकुट, बोलली की ओठांवरून खडे सांडतात. बरं जमलं होतं. मग मी विचारलं, काय करता. दातवालीने चिठ्ठीमागे गणित न मांडताच सांगितलं की तलवारवाली तलवार बाजूला ठेवते आणि कोपऱ्यातली झाडूची काठी उचलते. मी म्हटलं, झाडूची काठी? ती म्हणाली, हो, सावध राहिलेलं बरं. ड्रायव्हर, जो आठ वर्षांत कुठल्या दारात थांबला नाही, तो उंबऱ्यावर थांबून राणीशी गप्पा मारायला लागला. महाल किती जुना, पाणी कुठून येतं, उन्हाळ्यात ओल धरते का. मावशींची वैदीण खांबांना पट्ट्या बांधत होती, भेगा पडल्यात म्हणून. मला आधी वाटलं, घाबरलेत. असते भीती शेवटच्या लढाईची. मी राणीला दोन पावलं पुढे आणलं, तर हे तिघं चार पावलं मागे.

शेवटी मी दटावलं की आता कोणीतरी वार करा. ड्रायव्हर म्हणाला, बरं, चोर लांबून एक खडा मारतो. खोलीच्या त्या टोकाहून, अंधारात, डाव्या हाताने. वीस पडल्याशिवाय लागणारच नाही असा नेम त्याने शोधून काढला होता. आणि पडले वीस. खडा मुकुटाच्या भेगेत बसला, मुकुट फुटला, राणी गुडघ्यांवर आली. तू कधी कोणाला वीस पडल्यावर रडकुंडीला आलेलं पाहिलं आहेस का? ड्रायव्हरचा चेहरा बस खांबावर घातल्यासारखा झाला होता. दातवालीने फासा उचलून उलटसुलट करून पाहिला. मी राणीच्या आवाजात धापा टाकत होतो आणि समोर तिघंही माझ्याकडे असं बघत होते जसं काही मीच पडलो आहे. तेवढ्यात मावशी म्हणाल्या की वैदीण पुढे जाते, झोळीतली बाटली काढते आणि अमृत राणीच्या तोंडात ओतते.

मावशींचा आवाज ठाम होता. त्या म्हणाल्या, नियमात बसतं ना, हाताच्या अंतरावरच्या कोणालाही पाजता येतं असं तुम्हीच सांगितलं होतं. बसत होतं. इतकी वर्षं जपलेली बाटली त्यांनी शत्रूला पाजली होती आणि आता राणी पहिल्यापेक्षा ठणठणीत होती. तेव्हा घोडं कुठे पेंड खातंय ते माझ्या लक्षात आलं. त्यांनी आपसात काही ठरवलंही नव्हतं, तेही एकमेकांकडे चमकूनच बघत होते. प्रत्येकाने आपापल्या घरी बसून एकच विचार केला होता, राणी मेली की खेळ संपला, आणि खेळ संपला की मी गप्प झालो. म्हणून राणीला मरू द्यायचं नाही. जणू मी तो आवाज राणीसाठीच राखून ठेवलाय आणि ती आहे तोवर गुरुवार यायचाच नाही.

मला राग आला. तू मला रागावलेलं पाहिलं आहेस, पण या वेळी ओरडताही येत नव्हतं, त्यामुळे तो सगळा आतच फिरत राहिला. मी उठून पुढे दुकानात गेलो आणि फडकं घेऊन काचेच्या कपाटातल्या फ्रेमा पुसायला लागलो, एकदा पुसलेल्या पुन्हा. यांना काय वाटतं, मला कळत नाही? आठ वर्षं मी ज्या एका जागेकडे चालत आलो, तिथे पोचायच्या क्षणी हे माझा सदरा मागून धरून बसले होते. मायेने धरला होता हे दिसत होतं, म्हणून तर जास्तच चीड आली. माया करणाऱ्याला शिवी पण देता येत नाही.

तुझी वहिनी काउंटरमागे बसून काचांच्या पुड्यांवर नंबर लिहीत होती. तिला या खेळातलं फारसं कळत नाही, म्हणजे आम्हाला आपलं वाटत होतं की कळत नाही. मी पुटपुटत सगळं सांगितलं. तिने मान वर न करता विचारलं, तुमची ती राणी आता बरी झाली ना? म्हटलं, एकदम धडधाकट. ती म्हणाली, मग इथे फ्रेमा काय पुसताय, जाऊन हाणा की त्यांना. त्यांची पात्रं मरायला लागली की बघा कशी जाग येते. मी फडकं खाली ठेवलं. लग्नाला इतकी वर्षं झाली आणि ही बाई सूत्रधार व्हायच्या लायकीची आहे हे मला त्या दिवशी कळलं. त्या बुधवारी मी डाव तिथेच थांबवला, कारण गळा दुखत होता. जाताना तिघांना एवढंच म्हटलं की पुढच्या वेळी राणी कोणाची गय करणार नाही, आणि मी पण नाही.

परवाचा बुधवार मग लढाईचा झाला. राणीने पहिल्याच झटक्यात झाडूची काठी मोडली आणि तलवारवालीला भिंतीवर फेकलं. दातवाली गडबडीने कागद शोधायला लागली. दुसऱ्या झटक्यात चोराचे दोन्ही पाय गुडघ्यापर्यंत मिठाचे झाले. ड्रायव्हर हसला, त्याला वाटलं मी नुसता भीती दाखवतोय. मी त्याच्या कागदावरून त्याच्या जीवाचा आकडा खोडून नवा लिहिला तेव्हा तो हसायचा थांबला. आठ वर्षं सांभाळलेलं पात्र होतं ते, तुला माहीत आहे त्याचं काय होतं. वैदीण धावत आली, झोळीत हात घातला आणि बाटली रिकामी. मावशींनी माझ्याकडे पाहिलं. मी राणीच्या आवाजात त्यांचे आभार मानले. त्यावर मावशींनी जी शिवी दिली ती मी लिहीत नाही, लाँड्रीत शिकल्या असाव्यात.

मग मात्र ते खेळले. असे खेळले, धाकटे, की तू तिथे असायला हवी होतीस. महाल तळ्याच्या खाली आहे आणि तळ्याची झडप छताजवळ आहे, हे मी दोन वर्षांपूर्वी एकदा ओझरतं सांगितलं होतं. ते दातवालीला आठवलं. चोराचे पाय गेले होते, म्हणून मावशींच्या वैदिणीने त्याला पाठीवर घेतलं आणि सत्तरीच्या मावशींनी खुर्चीत बसल्या बसल्या धापा टाकत त्याला मिठाच्या खांबावरून वर चढवलं. तलवारवाली एकटी खाली राणीला अडवून धरत होती, मार खात. दातवाली प्रत्येक फाशाआधी डोळे मिटत होती. ड्रायव्हर उभा राहून खेळत होता, त्याचा कोपर लागून कप फुटला, कोणी वाकून पाहिलं नाही. झडपेला पंधराच्या वर हवे होते, सोळा पडले. पाणी आलं. राणी कमरेपर्यंत विरघळली आणि दातवालीने चिठ्ठी चुरगाळून टाकली, म्हणाली, गणित नको, मारलीच. आणि मारली. ड्रायव्हर बोनेटवर मारावी तशी टेबलावर थाप मारून ओरडला, मावशी दोन्ही हातांनी तोंड झाकून रडायला लागल्या, आणि दातवाली, जी रोज लोकांचे दात हात न थरथरता उपटते, तिला फासा टेबलावर ठेवता येईना.

मी राणीचं भाषण म्हटलं. सगळं म्हटलं. ती म्हणाली की मला तुमचं राज्य गिळायचं नव्हतं. मला त्यातलं काहीच नासू द्यायचं नव्हतं. फळं नासतात, माणसं नासतात, म्हणून मी सगळं मिठात घातलं. टिकलं सगळं, फक्त कोणाच्या कामाला आलं नाही. शेवटच्या वाक्याला आवाज फाटला आणि तो मी फाडलेला नव्हता. पण पोचलो शेवटपर्यंत. मावशींनी पदराने डोळे पुसले आणि म्हणाल्या, मी उद्याच नव्या चादरी काढते.

यापुढे मला उपसंहार सांगायचा होता. तळं पुन्हा गोडं झालं, लोक परत आले वगैरे. मी तोंड उघडलं आणि काही म्हणजे काही बाहेर आलं नाही. नुसती हवा. खाकरलो, पाणी प्यालो, पुन्हा हवा. तिघं वाट बघत होते. मग मावशीच बोलायला लागल्या, अडखळत, की वैदीण तळ्याच्या काठी जाऊन बसली, तिने पाय पाण्यात सोडले, आता ती दोन दिवस नुसती झोपणार आहे. ड्रायव्हर म्हणाला की चोराने चोरलेल्या सगळ्या वस्तू घरोघरी परत द्यायला घेतल्या, पण अर्ध्यातच त्याला कंटाळा आला. मग दातवाली म्हणाली की तलवारवाली महालाच्या मागच्या दाराशी उभी आहे. पलीकडे रस्ता दिसतोय, पण तो कुठे जातो ते तिला माहीत नाही, कारण अजून कोणी सांगितलेलं नाही. आणि मी ऐकत होतो. आठ वर्षांत पहिल्यांदा त्या टेबलाशी बसून मला पुढचं काहीच माहीत नव्हतं. मला तो रस्ता कुठे जातो ते जाणून घ्यावंसं वाटलं. इतकं वाटलं की मी खुर्चीत पुढे सरकून बसलो.

म्हणून हे पत्र. तू रजा टाकून माझी सेवा करायला येतेयस असं वहिनी म्हणाली. सेवेला इथे माणसं आहेत, वहिनी आहे, मावशी तर मला घडी घालून ठेवतील. तू सूत्रधार व्हायला ये. यांच्यातल्या कोणाला ते जमणार नाही, मी विचार करून पाहिलाय. ड्रायव्हर अख्खी गोष्ट दोन वाक्यांत संपवेल, दातवाली उत्तर आधीच सांगून टाकेल, मावशी कोणाला खरचटू देणार नाहीत, आणि वहिनी म्हणते तिला दुकान आहे. तू वर्गात पोरांना गणितसुद्धा असं सांगतेस की पुढची पायरी काय म्हणून ती बाकावर उभी राहतात. तुला भीती वाटते का असं तू मला विचारणार, म्हणून आधीच सांगतो, वाटते. रात्री गळ्यावर हात ठेवून झोपतो. पण हॉस्पिटलमधून घरी आल्यावर एखाद्या बुधवारी त्या टेबलाशी जायचं आहे आणि या खेपेला माझ्यापुढे नकाशा नाही, एक पात्र असणार आहे, हे आठवलं की बरं वाटतं. आठ वर्षं मी सगळ्यांना खेळवलं, स्वतः एकदाही खेळलो नाही. मला खेळायचं आहे. पात्र मी तयार केलं आहे, फेरीवाला आहे, बांगड्या-कंगवे विकतो, आणि भयंकर बडबड्या आहे, राक्षस समोर आला तरी त्याचं तोंड बंद होत नाही. तो काय बोलतो ते मी कागदावर लिहून तुझ्याकडे सरकवीन. तू ते मोठ्याने वाचायचं. त्याचा आवाज कसा असेल ते तूच ठरव, फक्त मध्ये मध्ये स्वतःचं काही घालू नकोस.

तुझाच, यापुढे कागदावर भांडणारा,
दादा